अर्ध्या गुणाचा न्याय

गेल्या रविवारी ऐन जेवणाच्या वेळी आमच्या घरात रडारड झाली. नऊ वर्षांचा नातू संगणकावर सात फेऱ्यांची बुद्धिबळ स्पर्धा खेळत होता. पहिल्या आलेल्या मुलाइतकेच त्याचेही साडेपाच गुण झाले. यादीत मात्र तो दुसरा. “आजोबा, गुण सारखे, मग मी दुसरा का?” जन्मभर बँकेत ताळेबंद जुळवलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर यायला हवे होते. आले नाही. मग मुकाट्याने नियम वाचायला बसलो.

त्या पद्धतीचे नाव सोनेबोर्न-बर्गर. तुम्ही ज्यांना हरवलेत त्यांचे स्पर्धेतले सगळे गुण घ्यायचे, ज्यांच्याशी बरोबरी केलीत त्यांचे निम्मे; ज्यांच्याकडून हरलात त्यांचे काहीच नाही. बेरीज ज्याची मोठी, तो पुढे. स्विस पद्धतीत प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळत नाही, तेव्हा तगड्या गड्याला हरवणाऱ्याला अधिक मान द्यावा, हा त्यामागचा विचार. विचार रास्त आहे.

पण नातवाने पहिल्या फेरीत हरवलेला मुलगा दोन फेऱ्या बाकी असताना निघूनच गेला होता. कदाचित आईने जेवायला हाक मारली असेल! त्याचे गुण तिथेच थांबले आणि आमचे चिरंजीव अर्ध्या गुणाने मागे राहिले. त्याने आणखी एक डाव जिंकला असता, तर पहिला नंबर आमच्या घरी आला असता. सभागृहातल्या स्पर्धेतून सहसा असे कोणी उठून जात नाही. संगणकावर एक बटण दाबले की संपले.

थोरामोठ्यांचेही हाल वेगळे नाहीत. 2020 च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये नाशिकचा विदित गुजराथी आपला कर्णधार होता. उपांत्य सामन्यात पोलंडशी बरोबरी झाली आणि निर्णय ‘आर्मागेडन’च्या एका डावावर आला. या डावात पांढऱ्याला वेळ जास्त, पण त्याला जिंकावेच लागते. बरोबरी झाली तर विजय काळ्याचा. कोनेरू हंपीने काळी मोहरी घेऊन तो डाव जिंकला. अंतिम फेरीत रशियाविरुद्ध निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचा संपर्कच तुटला. अखेर दोन्ही देशांना सुवर्णपदक मिळाले. आपण आनंदलो. मात्र त्याआधी आपल्याविरुद्धच आर्मेनियाच्या खेळाडूचा संपर्क तुटला होता. त्यांचे अपील फेटाळले गेले आणि त्यांनी स्पर्धा सोडली, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

बरोबरी खेळूनच सोडवली, तर मनात किल्मिष राहत नाही. 2025 मध्ये बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दिव्या आणि हंपी यांचे दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव झाले आणि दिव्या जिंकली. तिथे तिसऱ्याच कुणाच्या गुणांचा संबंध नव्हता.

मला हे बोचते, त्याला कारण आहे. बढतीच्या यादीत माझे आणि एका सहकाऱ्याचे गुण सारखे होते, जागा एक. तो वयाने आठ दिवसांनी मोठा, म्हणून जागा त्याची. नियम होता, पण मला तो यादी लागल्यावर कळला. पराभवापेक्षा हे नंतर कळणेच जास्त झोंबले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. बाद पद्धतीत कुणीतरी एकच पुढे जायचा असतो. तिथे जलद डाव खेळवा. पण मुलांच्या स्पर्धेत बेरजेचा उपयोग फक्त नावे क्रमाने लिहिण्यापुरता करा. बक्षीस मात्र वाटून द्या. आणि पहिली चाल होण्याआधी नियम मुलांना समजावून सांगा.

नातवाला मी पाटीवर सगळी बेरीज करून दाखवली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पुढच्या वेळी त्या मुलाला सांगू, जेवून खेळायला बस!”