शेतकऱ्याचें आजारपण आणि सहकारी विमा

पिकाचा विमा उतरविणें आतां आमच्या शेतकऱ्यास नवें राहिलेलें नाहीं. कर्ज काढून गाय घेतली तर बँकच तिचा विमा उतरवून घेते. ट्रॅक्टर तर विम्याशिवाय रस्त्यावर आणतां येत नाहीं. परंतु ज्या माणसाच्या कष्टांवर हें सारें उभें आहे, त्याच्या आजारपणाची तरतूद बहुतेक घरांत शून्य असते. दुखणें आलें म्हणजे प्रथम घरांतील शिल्लक, मग नातलगांकडून उसनवार, मग दागिना, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर जमीन, असा क्रम ठरून गेला आहे. महसूल खात्यांत खरेदीखतांवरून फेरफार नोंदविण्यांत ज्यांचीं वर्षें गेलीं, त्यांना हें सांगावयास नको. खतांत ‘घरगुती अडचणीकरितां’ एवढेंच लिहिलेलें असतें; पण पक्षकाराशीं दोन शब्द बोललें कीं ती अडचण पुष्कळदां रुग्णालयाच्या बिलाची निघते. पीक बुडालें तर पुढचा हंगाम तरी असतो. सातबाऱ्यावरून एकदां उतरलेलें नांव मात्र पुन्हां चढणें कठीण.

या बाबतींत शेतकऱ्याची स्थिति इतरांहून वेगळी आहे. कारखान्यांतील कामगारासाठीं १९४८ सालीं राज्य विम्याचा कायदा झाला व त्याच्या वर्गणींत मालकाचा वाटा ठरला. केंद्र सरकारच्या नोकरांसाठीं १९५४ पासून स्वतंत्र आरोग्य योजना आहे. शेतकऱ्यास मालक नाहीं. म्हणून त्याच्या हप्त्यांत वाटा उचलणाराही कोणी नाहीं. दुसऱ्या बाजूस, नांवावर चार एकर जमीन असली म्हणजे तो गरिबांच्या यादींत बसत नाहीं. आपल्या राज्यांत वार्षिक उत्पन्न एक लाखावर गेलें कीं शिधापत्रिका शुभ्र होते. त्या लाखांतून बीं, खत, मजुरी व कर्जाचे हप्ते वजा जातां हातांत काय उरतें, याचा हिशेब पत्रिकेचा रंग सांगत नाहीं.

ही तफावत शासनाच्याही ध्यानांत हळूहळू आली, असें म्हणणें प्राप्त आहे. २०१२ च्या जुलै महिन्यांत आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढील वर्षीं राज्यभर लागू झाली. परंतु ती पिवळ्या व केशरी पत्रिकांपुरती होती. पुढें मराठवाडा व विदर्भांतील चौदा आपद्ग्रस्त जिल्ह्यांच्या शुभ्र पत्रिकाधारक शेतकऱ्यांस तींत घेण्यांत आलें. २०१७ मध्यें तिला महात्मा जोतीराव फुल्यांचें नांव मिळालें. जुलै २०२३ च्या शासननिर्णयानें ती राज्यांतील सर्व कुटुंबांस खुली करून दर कुटुंबास दर वर्षीं पांच लाख रुपयांपर्यंतचें संरक्षण ठरविण्यांत आलें. पूर्वीं ही मर्यादा दीड लाखाची होती. शिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षें व त्यांवरील वयाच्या प्रत्येक व्यक्तीस, उत्पन्न न पाहतां, आयुष्मान भारत योजनेंत घेतलें जातें.

इतकें असूनही शेतकऱ्याचें पाकीट कां रिकामें होतें? कारण ही योजना सर्वांसाठीं असली तरी सर्व दुखण्यांसाठीं नाहीं, आणि सर्व रुग्णालयांतही नाहीं. ठरलेल्या यादींतील उपचार, तेही योजनेंत सामील झालेल्या रुग्णालयांतच, एवढें तिचें क्षेत्र. २०२३ च्या निर्णयांत अशा १३५६ उपचारांची यादी होती. ती वेळोवेळीं बदलते. रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, दाखल न होतां केलेल्या तपासण्या, तालुक्याच्या गांवांतील जें खासगी रुग्णालय योजनेंत नाहीं तेथील बिल, हें सर्व रोग्याच्या पदरचें. अपघात रात्रीं होतो, जवळचें दार तें आपलें दार ठरतें, आणि तें दार योजनेचें आहे कीं नाहीं हें विचारण्यास उसंत नसते.

आणखी एक घोटाळा दूर केला पाहिजे. गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाच्या शेतकरी अपघात योजनेंतून मृत्यूनंतर वारसांस दोन लाख रुपये मिळतात. बँकेच्या खात्यांतून वर्षास वीस रुपये कापून प्रधानमंत्री सुरक्षा विमाही उतरविला जातो. या दोन्ही योजना मृत्यूच्या व अपंगत्वाच्या आहेत. रुग्णालयाचें बिल त्यांतून भागत नाहीं. ‘आमचा विमा आहे’ असें सांगणाऱ्या कित्येकांजवळ प्रत्यक्षांत हाच विमा असतो.

म्हणून पहिलें काम फुकटचें आहे, तें आधीं करावें. घरांतील प्रत्येकाचें आधारकार्ड व शिधापत्रिका यांतील नांवें अक्षरशः जुळतात कीं नाहीं तें पाहावें. सून घरांत आली वा मूल जन्मास आलें तर पत्रिकेवर नांव चढवावें. आयुष्मान कार्ड काढून ठेवावें. आपल्या तालुक्यांत व जिल्ह्याच्या ठिकाणीं कोणतीं रुग्णालयें योजनेंत आहेत, त्यांची यादी घरांत लावून ठेवावी. तेथें ‘आरोग्यमित्र’ या नांवाचा माणूस बसतो; पैसे भरण्यापूर्वीं त्यास गांठावें. कागदांतील एका अक्षराच्या फरकानें माणसें दारांतून परत फिरतात, आणि तें अक्षर दुखणें आल्यावर दुरुस्त होत नाहीं.

त्यापलीकडची उणीव भरून काढण्यास विकतचा विमा लागतो. त्यांत निवड करतांना एक सोय अवश्य ध्यानांत घ्यावी. विमा नियामक प्राधिकरणाच्या आज्ञेनें १ एप्रिल २०२० पासून ‘आरोग्य संजीवनी’ या नांवाचा प्रमाणित विमा कंपन्यांस विकावा लागतो. त्याच्या अटी सर्व कंपन्यांत सारख्या, हप्ता मात्र निरनिराळा. म्हणजे तुलना करणें सोपें. तींत प्रत्येक बिलाचा शेंकडा पांच भाग आपण सोसावयाचा असतो व खोलीच्या भाड्यास विम्याच्या रकमेच्या शेंकडा दोन, परंतु दिवसास पांच हजारांपर्यंत, मर्यादा असते. तीन चार कंपन्यांचा हप्ता विचारल्याशिवाय सही करूं नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य विम्यावरील शेंकडा अठरा वस्तू व सेवा कर उठला आहे. तो हिशेबांत धरून कोणी मागत असल्यास देऊं नये.

विमा उतरवितांना जुना आजार लपविणें हा सर्वांत महाग पडणारा शहाणपणा होय. मधुमेह आहे असें लिहिलें तर हप्ता कांहीं वाढेल, व त्या आजारासाठीं जास्तींत जास्त तीन वर्षें थांबावें लागेल. लपविलें तर ऐन वेळीं मागणी फेटाळली जाईल आणि भरलेले हप्तेही व्यर्थ जातील. उतरविल्यानंतर तीस दिवसांत विमा नापसंत पडल्यास तो परत करतां येतो. मागणी अन्यायानें नाकारली असें वाटलें, तर आधीं कंपनीकडे लेखी तक्रार करून पुढें विमा लोकपालाकडे जातां येतें. तेथें शुल्क लागत नाहीं, वकीलही लागत नाहीं. पुणें व मुंबई येथें त्यांचीं कार्यालयें आहेत.

परंतु एकट्यानें विमा घेण्यांत मुळांतच एक अडचण आहे. तरुणपणीं हप्ता स्वस्त असतो तेव्हां गरज वाटत नाहीं, आणि साठीनंतर गरज वाटते तेव्हां हप्ता आवाक्याबाहेर जातो. ही कोंडी समुदायानेंच फुटते. तरुण व वृद्ध, निरोगी व दुखणाईत यांचा भार एका जुवाखालीं आला तरच तो ओढतां येतो. विम्यापुरतीच टोळी जमवून समूह विमा मिळत नाहीं, तो समूह आधीं दुसऱ्या कामासाठीं अस्तित्वांत असावा लागतो, असा नियम आहे. आमच्या सोसायट्या, दूधसंघ व साखर कारखाने यांस ही अट आडवी येत नाहीं.

हें स्वप्नरंजन नव्हे. शेजारच्या कर्नाटकांत २००३ पासून सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठीं ‘यशस्विनी’ योजना चालली. माणशीं वर्षाची वर्गणी आरंभीं साठ रुपये, म्हणजे महिन्यास पांच रुपये होती. सरकारचेंही साह्य होतें. आणि पहिल्याच वर्षीं सोळा लाखांवर लोक तींत सामील झाले. आपल्याकडे वर्ध्याजवळ सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालयानें गेल्या शतकांतच खेड्यांतून सुगीच्या वेळीं ज्वारीच्या रूपानें वर्गणी घेऊन उपचाराची हमी दिली. ज्याची जमीन अधिक त्यानें अधिक ज्वारी द्यावयाची. शेतकऱ्याच्या हातीं पैसा केव्हां येतो हें ओळखून ती योजना आंखलेली होती. आजचा हप्ता मात्र ऐन पेरणींत मागितला जातो, आणि मग तो चुकतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, समूह विमा दर वर्षीं नव्यानें ठरतो. संस्थेनें सोडला कीं सभासद उघडा पडतो. आक्षेप खरा आहे. ‘यशस्विनी’ ही २०१८ मध्यें बंद पडली व २०२२ मध्यें पुन्हां सुरू करावी लागली. आपल्याकडे २०२३ च्या खरिपांत आलेला एक रुपयाचा पीकविमाही २०२५ मध्यें गेला. म्हणूनच केवळ सरकारच्या कृपेवर विसंबून न राहतां संस्थेनें लाभांशांतून वेगळा निधि ठेवावा, आणि सभासदानें तरुणपणींच लहानसा वैयक्तिक विमाही चालूं ठेवावा. दुसरा आक्षेप कराचा. वैयक्तिक विम्यावरचा कर उठला, पण समूह विम्यावरचा तसाच राहिला. जो शेतकरी एकट्यानें विमा घेतो त्यास सूट आणि जो दहा शेजाऱ्यांस बरोबर घेतो त्यास कर, हा न्याय उलटा आहे. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांपुरता तरी तो उठवावा, अशी मागणी आपल्या मंडळानें सरकारकडे लेखी करावी.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर भराव्या लागतात. खत व कर्ज यांच्या जोडीस आरोग्य विम्याचा विषय यंदा कार्यक्रमपत्रिकेवर घालावा. सभासदांची वयवार यादी करून निदान तीन कंपन्यांकडून दर मागवावे. आणि हप्ता उंसाच्या, दुधाच्या वा कापसाच्या बिलांतून सभासदाच्या संमतीनें कापण्याची सोय करावी. ज्या संस्थेस हजार सभासदांचें खत एकत्र विकत घेतां येतें, तिला त्यांचा विमाही एकत्र विकत घेतां येईल.