फ्रीजमधला गॅस संपत नाही

मे महिना, घरात पाहुणे, पातेलंभर आमरस आणि नेमका तेव्हाच फ्रीज थंड करेनासा होतो. मेकॅनिक येतो, आत हात घालून बघतो आणि सांगतो, "गॅस संपलाय, भरावा लागेल." आपण घायकुतीला आलेलो असतो, लगेच हो म्हणतो. पण फ्रीजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. सीलबंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा उडून जाणार. तेव्हा या निदानावर मान डोलावण्याआधी फ्रीज काय म्हणतोय ते आपण ऐकायला हवं.

त्याचे बरेचसे आवाज तब्येत ठीक असल्याचेच असतात. कॉम्प्रेसर बंद होताना 'ठक्' होतं. त्यानंतर थोडा वेळ बुडबुड किंवा फुसफुस ऐकू येते. ती नळ्यांतून वाहणाऱ्या गॅसची. रात्री तडतडतं ते थंडी-गरमीनं आकसणारं, फुगणारं प्लॅस्टिक. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये मधूनच 'चर्र' होतं, कारण बर्फ वितळवणाऱ्या हीटरवर पाण्याचे थेंब पडतात. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर तर बारीक आवाजात बराच वेळ चालूच राहतो. त्याची रचनाच तशी आहे. बाजूचे पत्रे गरम लागले तरी घाबरू नका, आजकाल उष्णता बाहेर टाकणारी नळी तिथेच आत लपवलेली असते.

काळजी करायची ती वेगळ्या आवाजांची. दर काही मिनिटांनी 'टिक्' होतं, क्षणभर गुरगुर, पुन्हा 'टिक्', आणि आत थंडावा नाही: कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतोय. व्होल्टेज कमी असेल किंवा रिले गेला असेल. रिले हा छोटा, बदलता येणारा भाग आहे, त्यासाठी गॅस भरायची गरज नाही. लाइट वारंवार जात-येत असेल तर फ्रीज बंद करून पाचेक मिनिटं थांबा. नळ्यांतला दाब समान झाला की तो सहज सुरू होतो. फ्रीझरमधून खरखर येते आणि दार उघडताच थांबते? मग बहुधा पंख्याचं पातं बर्फाला घासतंय. सामान काढा, प्लग काढा आणि दारं उघडी ठेवून सगळा बर्फ वितळू द्या. तो पुन्हा लवकर साचला तर मात्र हीटर किंवा सेन्सर तपासून घ्यावा लागेल. नुसती खडखड असेल तर आधी पुढचे पाय फिरवून फ्रीज स्थिर करा.

आमच्या मजल्यावरच्या एका काकूंच्या फ्रीजमध्ये भाजीच्या ड्रॉवरखाली रोज पाणी साचायचं. त्यांनाही गॅसच सांगितला होता. ड्रॉवर काढून पाहिलं तर मागच्या भिंतीच्या तळाशी असलेलं पाणी जाण्याचं भोक कोथिंबिरीच्या काड्यांनी आणि बुळबुळीत गाळानं बुजलं होतं. प्लग काढला, काड्या उपसल्या आणि बिनसुईच्या सिरिंजनं कोमट पाणी सोडलं. थोड्या वेळानं मागे कॉम्प्रेसरवरच्या तबकडीत पाणी टपटपायला लागलं. त्या तबकडीतलं पाणी कॉम्प्रेसरच्या उष्णतेनं आपोआप वाळतं. काकूंचा फ्रीज तेव्हापासून कोरडा आहे.

दाराच्या रबराकडे तर कुणी बघतच नाही. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून गार हवा जातेय. साबणाच्या पाण्यानं रबर पुसा, घड्यांमधली बुरशी काढा. तरीही नोट निसटत असेल तर रबर बदला. मागे उघडी जाळी असेल तर प्लग काढून तिच्यावरची धूळ झाडा आणि भिंतीपासून थोडी जागा ठेवा.

फ्रीझरमधला बर्फ सुरीनं कधीही खरवडू नका. खालची अ‍ॅल्युमिनियमची नळी फुटते आणि मग खरोखरच गॅस जातो. तसं झालं की जुन्या पद्धतीच्या फ्रीजमध्ये फ्रीझरच्या एखाद्या कोपऱ्यातच बर्फ धरतो, बाकीचा भाग कोरडा राहतो आणि कॉम्प्रेसर अखंड चालतो. तिथे घरगुती उपाय करू नका. अलीकडच्या अनेक फ्रीजमध्ये आर 600ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो पेट घेतो. ते काम जाणकार मेकॅनिकचंच. फक्त पैसे देण्याआधी गळती कुठे सापडली आणि ती कशी बंद केली, हे त्याच्याकडून बिलावर लिहून घ्या.