पेट्रोलचा कर आणि न्यायमूर्ती जयकर

लोणावळ्याच्या पंपावर टाकी भरली की त्यातला एक हिस्सा उत्पादन शुल्क म्हणून केंद्राकडे जातो आणि दुसरा व्हॅट म्हणून राज्याकडे. जीएसटी आला, पण पेट्रोल त्याच्या बाहेरच राहिलं. एकाच मालावर दोन सरकारांनी हात मारायचा की नाही, हा तंटा १९३८ सालीच दिल्लीच्या फेडरल कोर्टात लढला गेला आहे. नागपूरच्या मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर शेकडा ५ कर बसवला. दिल्ली म्हणाली, हे तर उत्पादन शुल्क, तो अधिकार आमचा. ऐकणारे न्यायाधीश तीन. त्यांतले एक मुकुंद रामराव जयकर.

आता गंमत पाहा. याच जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्ते विकास समिती नेमली गेली होती. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० चा, म्हणजे बैलगाड्यांच्या जमान्यातला. देशभर अशाच रस्त्यांवर मोटारी धावू लागल्या आणि लोकल बोर्डांना डागडुजीचा खर्च पेलेना. जयकर समितीने सांगितलं, पेट्रोलवर गॅलनमागे २ आणे जादा घ्या आणि ते रस्त्यांसाठी वेगळे ठेवा. १९२९ पासून तसा निधी सुरूही झाला.

म्हणजे पेट्रोलवर केंद्राचा कर वाढवा म्हणणारा माणूसच पेट्रोलच्या खटल्यात न्यायाला बसला. शिवाय राजकारणात मुरलेला: पंजाबच्या अत्याचारांची काँग्रेसने केलेली चौकशी, मुंबई कौन्सिलातला स्वराज्य पक्ष, १९३० साली सप्रूंबरोबर येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींशी केलेल्या वाटाघाटी. आज अशा माणसाची नेमणूक झाली तर संध्याकाळच्या चर्चेत टीव्ही फुटायचा बाकी राहील. पण तेव्हाचे सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर तरी कुठे कोरे होते? ज्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याचा अर्थ लावायचा, त्याच्या मसुद्यात त्यांचाच हात. हायकोर्टाच्या मळलेल्या वाटेने आलेले एकटे शाह मुहंमद सुलेमान.

निकाल लागला तो प्रांताच्या बाजूने. माल तयार होताना बसतो तो कर वेगळा आणि दुकानात विकताना बसतो तो वेगळा, असं कोर्टाने ठरवलं. जयकरांनी आपलं स्वतंत्र निकालपत्र लिहून हाच कौल दिला. पेट्रोलच्या पैशाकडे दिल्लीच्या बाजूने पाहिलेल्या माणसाने नागपूरचा हक्क मान्य केला, हे मला महत्त्वाचं वाटतं. विषयाची आधीची जाण म्हणजे पूर्वग्रह नव्हे. उलट कर, रस्ते, कौन्सिल यांतलं काहीच न पाहिलेला न्यायाधीश वकिलांच्या युक्तिवादावर जास्त विसंबतो.

त्यामुळे न्यायाधीश कोर्टात येण्याआधी कुठे होता, यावर आपण जरा कमी आरडाओरडा करावा. खरी भीती आहे ती पुढच्या खुर्चीची. निवृत्तीनंतर राज्यपालपद किंवा खासदारकी मिळणार असेल, तर शेवटच्या वर्षांतले निकाल लोक त्याच चष्म्यातून वाचणार, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

जयकरही पुढे घटना समितीत गेले. पण १९३९ साली ते फेडरल कोर्टातून प्रिव्ही कौन्सिलवर गेले, ती जागा १९४२ साली सोडली, आणि घटना समिती आली १९४६ साली. मध्ये चार वर्षं गेली. एवढं अंतर आता कायद्यानेच सक्तीचं करावं.