तुंबलेल्या मोरीचा हिशेब

सिल्वासाचं नाव निघालं की मराठी वाचकाला २ ऑगस्ट १९५४चा मुक्तिसंग्राम आठवतो, त्यात उतरलेले सुधीर फडके आठवतात. त्या आठवणीला नमस्कार करून मी एका अगदीच बिनवैभवाच्या विषयाकडे वळतो: तुंबलेली मोरी आणि ती मोकळी करायला लागणारे पैसे. आजचं सिल्वासा हे कारखान्यांचं आणि भाड्याच्या खोल्यांचं गाव आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या ५५ टक्क्यांहून जास्त वाढली. त्या दशकात देशातल्या दुसऱ्या एकाही राज्यात किंवा केंद्रशासित प्रदेशात एवढी वाढ झाली नाही. आमली, मसाट, समरवरणी, नरोली या पट्ट्यात खोल्यांच्या रांगाच्या रांगा उठल्या. खोली बांधताना मालकाने भाड्याचा हिशेब पै-पैचा केला. सांडपाणी कुठून कसं जाईल हे गवंड्यावर सोडलं.

मोरी तुंबते तेव्हा ऐकू येणारं मत ठरलेलं असतं. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय खंडनाला अर्थ नाही, म्हणून तो मांडतो. पन्नासेक रुपयांची पावडर टाकली की काम होतं. प्लंबर दहा मिनिटं वायर फिरवतो आणि पाचशे मागतो, ही लूट आहे. मोरी तुंबते ती भाडेकरूंच्या घाणेरड्या सवयींमुळे. चेंबरच्या पुढचं सगळं नगरपालिकेचं काम. आणि फारच अडलं तर नाक्यावरून एखादा पोरगा आणावा, तो उतरून साफ करतो. ही पाचही वाक्यं सरळमार्गी, संसारी माणसं बोलतात; त्यांत दुष्टपणा कोणाचाच नसतो. तरी पाचही चूक आहेत, आणि शेवटचं तर गुन्हा आहे.

पावडरपासून सुरुवात करू. ती बहुतेक कॉस्टिक सोडा असते. कॉस्टिक केस विरघळवतं, चरबीचा साबण करतं, पाण्यात पडताच तापतं. पाणी हळूहळू जातंय, अडथळा जाळीखालच्या ट्रॅपमध्येच आहे, अशा वेळी तिचा उपयोग होतो, हे नाकारणं खोटेपणा होईल. पण आपण पावडर आणतो कधी? मोरीत घोटाभर पाणी साचून दोन दिवस झाल्यावर. त्या पाण्यात ती वरच्या वर विरघळते, दहा-बारा फूट पुढे बसलेल्या गोळ्यापर्यंत पोचतच नाही. किंवा खाली बसते आणि गार होऊन दगडासारखी घट्ट होते, म्हणजे आधी एक अडथळा होता, आता दोन. मग कोणीतरी सुचवतं, ॲसिड ओता. कॉस्टिकवर ॲसिड पडलं की मिश्रण उकळून तोंडावर उडू शकतं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो, आणि ज्या न्हाणीघरात हे चालतं तिथे बहुधा वीतभर खिडकी असते. एवढं करून प्लंबरला बोलावतात, आणि आपण आत काय ओतलंय ते त्याला सांगत नाहीत. तो कोपरापर्यंत हात घालतो. पन्नास रुपयांची बचत त्याच्या कातडीवर उमटते. सेप्टिक टाकी असेल तर मैला कुजवणारे जिवाणूही या माऱ्याने मरतात आणि टाकी लवकर भरते. हा खर्च पाकिटावर छापलेला नसतो.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर या जोडीवर फार शब्द घालवत नाही. दोघं एकमेकांना मारतात, फेस येतो, उरतं ते जवळजवळ निरुपद्रवी पाणी. फेस बघून समाधान होतं, एवढाच लाभ. उकळत्या पाण्याचंही थोडं तसंच: पीव्हीसीचा पाइप साठ-सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो आणि सांधे सैल होतात. गरम पाणी ओतायचं तर हाताला सोसेल इतकंच.

आता लूट. प्लंबरच्या दहा मिनिटांचे पाचशे रुपये ज्यांना खुपतात त्यांना मी एकच विचारतो: अडथळा कुठे आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं का? मोरी मोकळी करण्यातलं खरं कौशल्य याच प्रश्नाच्या उत्तरात असतं. स्वयंपाकघरातलं एकच सिंक भरलं आणि बाकी सगळं वाहतंय, तर दोष त्या सिंकखालच्या बॉटल ट्रॅपमध्ये. खाली बादली ठेवून तो हातानेच खोलता येतो, प्लंबर लागतच नाही. वरच्या मजल्यावर कोणी बादली ओतली आणि तळमजल्याच्या न्हाणीत पाणी वर आलं, तर दोष सामाईक लाइनीत आहे. तळमजल्यावाल्याने कितीही पावडर टाकली तरी तो फक्त वरच्यांचं पाणी मोजत बसणार. तिसरी खूण चेंबरची. झाकण उचलून पाहा. चेंबर तुडुंब असेल तर अडथळा त्याच्या पुढे, कोरडा असेल तर घर आणि चेंबर यांच्या मधे. ही एवढी तपासणी कोणालाही करता येते, फुकट आहे, आणि उपाय तीच ठरवते. अलीकडचा अडथळा असेल तर रबरी पंप पुरतो. तो शे-दीडशे रुपयांत मिळतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. मात्र पंप मारताना शेजारचं तोंड ओल्या फडक्याने बंद करावं लागतं, नाहीतर दाब तिकडून निसटतो. बहुतेकांचा पंप याच एका कारणाने 'चालत नाही'. ट्रॅपच्या पुढचं असेल तर स्प्रिंग, चेंबर ते चेंबर असेल तर बांबूची पट्टी किंवा जेटिंगचं पाणी. जो प्लंबर आधी चेंबर उघडायला सांगतो त्याला पाचशे आनंदाने द्यावेत. जो आल्याआल्या पिशवीतून ॲसिडची बाटली काढतो त्याला चहा पाजून परत पाठवावं.

भाडेकरूंवरचा आरोप मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे आणि ते अर्धंच राहावं अशी सोय आहे. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूची पाकिटं, चहाचा चोथा मोरीत जातो, हे खरं. पण जिथे एका खोलीत सहा-आठ कामगार पाळीपाळीने राहतात आणि कचऱ्याची बादली ठेवायला जागा नाही, तिथे दुसरं काय होणार? शिवाय स्वतःच्या मालकीच्या फ्लॅटमध्ये काय होतं तेही पाहू. दिवाळीच्या तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये जातं. भाताचा मांड जातो आणि पाइपात खळ बनतो. शाडूच्या गणपतीचं घरी बादलीत विसर्जन करतात. हेतू उत्तम, पण खाली बसलेला गाळ झाडांना घालण्याऐवजी न्हाणीत ओतला की ट्रॅपमध्ये मातीची वीट तयार होते. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या भुयारी गटारात २०१७ साली चरबी आणि ओल्या कागदी फडक्यांचा सुमारे १३० टनांचा गोळा सापडला होता, लांबी अडीचशे मीटर. तो काही चाळीतल्या भाडेकरूंनी केला नव्हता.

आणि बांधकामाचं काय? चार इंची पाइपाला चाळीस ते साठ फुटांमागे फूटभर उतार लागतो. इथल्या कित्येक खोल्यांत पाइप जवळजवळ आडवा झोपलेला असतो आणि वळणावर काटकोनी एल्बो असतो, तोही बिनदाराचा. पन्नास-शंभर रुपये जास्त देऊन डोअर बेंड बसवला असता तर झाकण उघडून तिथूनच तार घालता आली असती. त्याहून वाईट म्हणजे मोरी तुंबू नये म्हणून नहाणी ट्रॅपच काढून टाकणारे मिस्त्री आहेत. त्या ट्रॅपमधलं दोन इंच पाणी गटाराची हवा घरात येऊ देत नाही. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या इमारतींत २००३ साली तीनशेहून जास्त माणसांना सार्स झाला. तपासात संशय गेला तो न्हाणीघरांतल्या कोरड्या पडलेल्या ट्रॅपवर. इतकी किंमत त्या दोन इंच पाण्याची आहे. तेव्हा मोरी तुंबल्यावर आधी भाडेकरूला जाब विचारणाऱ्या मालकाने फरशीखालचा उतार आठवून पाहावा.

नगरपालिकेवर ढकलण्याबद्दल थोडक्यात. रस्त्याखालची मुख्य लाइन तिची, याबद्दल वाद नाही आणि ती तुंबली तर तक्रार केलीच पाहिजे. २०१८ साली हे शहर स्मार्ट सिटीच्या यादीत आलं, तेव्हा अपेक्षा ठेवण्यात गैर नाही. पण कुंपणाच्या आतला पाइप आणि चेंबर घरमालकाचा. जिथे भुयारी गटाराची जोडणी नाही तिथे टाकी आणि शोषखड्डाही त्याचाच. इथे पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. जुलैत जमीन पाण्याने भरली की शोषखड्डा पाणी घेईनासा होतो आणि टाकी उलट घराकडे येते. तेव्हा धावपळ करून उपयोग नसतो. ती टाकी मे महिन्यात उपसायला हवी होती.

उरला नाक्यावरचा पोरगा. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच बधिर होते, म्हणजे वास गेला म्हणून धोका गेला असं वाटतं तेव्हाच माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. डिसेंबर २०१९मध्ये गोवंडीच्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या टाकीत तीन कामगार असेच मेले. खासगी ठेकेदाराने उतरवले होते. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या विधवांना प्रत्येकी दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाख केली. २०१३च्या कायद्याप्रमाणे संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा महापालिकेला लागू आहे तसा चाळमालकालाही आहे. 'तो स्वतःच तयार झाला' हा बचाव होत नाही.

हे काम अमुक जातीच्याच माणसाने करायचं, हा समज याच्या मुळाशी आहे. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. ब्राह्मण म्हणून ती नाकारली गेली, तेव्हा त्यांनी उपोषण केलं आणि येरवड्यातून गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्न सोडलं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी संडासाची अशी रचना शोधली की मैला कोणाला उचलावाच लागू नये. माझ्या दृष्टीने अप्पांचं मोठेपण पहिल्या गोष्टीपेक्षा दुसऱ्या गोष्टीत जास्त आहे. स्वतः हात घालणं हा त्याग होता. कोणालाच हात घालावा लागू नये अशी रचना करणं हे काम होतं. आपल्याला या दुसऱ्या गोष्टीचा वारसा हवा.

आता मंडन, म्हणजे पैशांचं बोलू. प्रत्येक मोरीवर बारीक छिद्रांची स्टीलची जाळी बसवावी. तिला पन्नास-शंभर रुपये पडतात. प्रत्येक वळणाला डोअर बेंड असावा, सामाईक लाइनीवर उघडता येईल असा चेंबर असावा, आणि त्याचं झाकण फरशीखाली गाडू नये. (शोभेसाठी चेंबरवर टाइल्स बसवणारे लोक मला कोडंच वाटतात.) मेअखेर चेंबर उघडून गाळ काढावा, टाकी दोन-तीन वर्षांनी यंत्राच्या गाडीकडून उपसून घ्यावी, आणि गाडीवाल्याला आधीच बजावावं की माणूस उतरणार नाही, तळाचा गाळ सुटत नसेल तर पाणी मारून पातळ करून ओढायचा.

यावर शेवटचा आक्षेप येतो: एवढा खर्च चाळीला परवडत नाही. परवडतो की नाही ते बघू. समजा वीस खोल्यांची चाळ आहे आणि गाडीची खेप अडीच हजारांना पडली. दोन खेपा धरल्या तरी पाच हजार, म्हणजे खोलीमागे अडीचशे रुपये, तेही दोन वर्षांतून एकदा. महिन्याला दहा रुपये आणि वर काही पैसे. भाडं वाढवताना मालक एका दमात दोनशे वाढवतो आणि भाडेकरू कुरकुरत ते देतो. त्या दोनशेतले हे दहा रुपये बाजूला काढून एका डब्यात ठेवायचे आहेत, आणि डब्याचा हिशेब चाळीच्या भिंतीवर लावायचा आहे.