पकड कुठे थांबवायची, हे नियमाने सांगावे

मा. संपादक,


26 जुलै 2014 ला प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि मातीतला आपला खेळ घरोघरी दूरचित्रवाणीवर पोहोचला. मराठवाड्यातल्या पोरांना कबड्डीवर पोट भरण्याची वाट दिसू लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच या खेळाच्या नियमांबद्दल रोखठोक लिहायचे आहे. बारा हंगामांत आपण पकड अधिकाधिक चुरशीची करत नेली. पकडीत सापडलेल्या शरीराचा विचार मात्र मागे राहिला.

तिसरी चढाई बघा. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. अव्वल पकड बघा. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना पकड जमली तर एकाऐवजी दोन गुण. 2025 च्या हंगामात साखळी सामन्यांतली बरोबरीही गेली, टायब्रेकर आला. या बदलांनी सामने रंगतदार झाले, हे मान्य. पण तिसऱ्या चढाईने चढाईपटूला खोल शिरायला भाग पाडले आणि अव्वल पकडीने बचावपटूला अंग झोकून द्यायला. दमलेले तीन गडी दुप्पट गुणासाठी एकावर तुटून पडतात, तेव्हा कोणाचा गुडघा कोणाच्या अंगाखाली आला हे बघायची सवड कोणालाच नसते.

माझ्या मते धोका असतो तो पकडीच्या शेवटच्या दोन-तीन सेकंदांत. कोपरारक्षक घोटा धरतो, मध्यरक्षक मांडीला मिठी मारतो, तिसरा बाजूने धडक देतो. इथवर खेळ आहे, आणि तो अस्सल आहे. पण शिट्टी होईपर्यंत कोणी हात सोडू शकत नाही, कारण चढाईपटूचे बोट जरी मध्यरेषेला लागले तरी झटापटीत सापडलेले सगळे बाद. म्हणून आधीच जखडलेल्या माणसावर चौथा उडी घेतो, पाचवाही घेतो. मॅटवर बूट घट्ट धरून राहतो, पाऊल जागचे हलत नाही, वरचे शरीर फिरते आणि मधल्यामध्ये गुडघा पिळला जातो. मातीवर ढोपरे सोलवटायची. मॅटवर लिगामेंट जाते. बचावपटूही सुटत नाही. घोट्यासाठी सूर मारणाऱ्याचे डोके नेमके चढाईपटूच्या टाचेसमोर आणि गुडघ्यासमोर येते.

दिल्लीचा नवीन कुमार दहाव्या हंगामात गुडघ्यामुळे बाहेर बसला. पुणेरी पलटणला 1 मार्च 2024 रोजी पहिले विजेतेपद मिळवून देणारा आपला कर्णधार अस्लम इनामदार पुढच्याच हंगामात गुडघ्यामुळे बाहेर पडला. या दुखापती चुकीच्या पकडींमुळे झाल्या, असे मी म्हणत नाही. पण अशा खेळाडूंच्या मागे फिजिओ, शल्यचिकित्सक आणि संघमालक उभे असतात. 2022 च्या जुलैत तामिळनाडूतल्या कडलूर जिल्ह्यात गावपातळीवरच्या सामन्यात एका तरुण चढाईपटूने चढाई करतानाच मैदानात जीव सोडला. त्याच्यामागे यातले काय होते?

यावर उत्तर ठरलेले असते: नियम आहेतच. खरे आहे. तोंड दाबणे, गळा आवळणे, पायांची कात्री घालणे, इजा होईल अशी दांडगाईची पकड करणे या सगळ्याला नियमपुस्तकात मनाई आहे. हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. पण ‘इजा होईल अशी पकड’ म्हणजे नेमकी कोणती? ते पंचाने ठरवायचे. आणि पंच ते ठरवतो कधी, तर गडी विव्हळत पडला की. इजा झाली नाही तर तीच पकड ‘जबरदस्त’ ठरते आणि पडद्यावर पुन्हा पुन्हा दाखवली जाते. नियमाने कृतीला नाव दिले पाहिजे. परिणामावरून दोष ठरवायचा म्हटले तर प्रत्येक वेळी कोणाचा तरी पाय मोडण्याची वाट बघावी लागेल.

इतर खेळांनी हे करून दाखवले आहे. अमेरिकी फुटबॉलमध्ये पळणाऱ्याची मागून कॉलर धरून खाली ओढणे 2005 मध्ये बंद झाले. मागून कमरेला लटकून, अंगाचा सगळा भार त्याच्या पायांवर टाकण्याची पकड मार्च 2024 मध्ये बंद झाली. त्याही वेळी खेळाडूंच्या संघटनेसकट अनेकांनी विरोध केला होता. रग्बीत प्रतिस्पर्ध्याला उचलून डोक्यावर पडेल असे टाकले तर थेट लाल कार्ड मिळू शकते. इंग्लंडच्या रग्बी संघटनेने 2023 पासून हौशी सामन्यांत पकडीची उंची छातीच्या हाडाखाली आणली. इतके लांब जायचे नसेल तर आपली कुस्ती घ्या. आंतरराष्ट्रीय नियमांत शाळकरी आणि कॅडेट गटांना डबल नेल्सन घालता येत नाही, कारण कोवळी मान तो डाव सोसत नाही. त्यामुळे कुस्ती लेचीपेची झाली, असे कोल्हापुरात जाऊन म्हणून बघावे.

कबड्डीसाठी मला दोन कृती नावानिशी बंद व्हायला हव्या आहेत. चढाईपटूचे दोन्ही पाय मॅटवरून उचलले गेले की पंचाने तत्काळ शिट्टी देऊन पकड यशस्वी धरावी. गुण मिळाला, आता त्याला खाली ठेवा. त्यानंतर आपटले तर लाल कार्ड. दुसरे, दोघांनी जखडून खाली पाडलेल्या चढाईपटूच्या पायावर, पाठीवर किंवा मानेवर उडी घेण्यास मनाई. त्याला धरा, ओढा, रोखा, पण त्याच्यावर उडी नको. चौघांना ओढत मध्यरेषेकडे सरकणारा, बोटे ताणणारा गडी ही या खेळाची शान आहे, आणि माझ्या सूचनेने ती जराही कमी होत नाही.

तिसरी गोष्ट डोक्याच्या माराची. क्रिकेटने 2019 मध्ये त्यासाठी बदली खेळाडूची सोय केली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी लबुशेन उतरला. कबड्डीतही डोक्याला मार लागलेला खेळाडू ‘मी ठीक आहे’ म्हणणारच, त्यामुळे त्याने पुढे खेळावे की नाही हा निर्णय त्याच्यावर किंवा प्रशिक्षकावर सोपवता येत नाही. तो कोणत्याही संघाशी संबंध नसलेल्या डॉक्टरने घ्यावा.

या बदलांसाठी वेळ नाही, असे कोणी म्हणू नये. 7 ऑक्टोबर 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना जवळपास तासभर थांबला होता. भारताचा पवन सेहरावत राखीव क्षेत्रात गेल्यावर कोण बाद आणि कोण नाही, नियम जुना लावायचा की नवा, यावर वाद चालला होता. एका चढाईच्या गुणांसाठी तासभर नियमपुस्तक चाळता येते, तर मानेसाठी आणि गुडघ्यासाठी एक बैठक नक्कीच घेता येईल.

सर्वांत जास्त काळजी मला शाळकरी मुलांची वाटते. 14, 17 आणि 19 वर्षांखालील शालेय स्पर्धांत उतरणारी आपल्या जिल्ह्यातली मुले पडद्यावर पाहिलेली पकडच करतात. त्यांच्या अंगात अजून ती ताकद नसते, आणि पडावे कसे हे अनेकांना कोणी शिकवलेले नसते. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि पुढे शासकीय नोकरीतले खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण डोळ्यांसमोर असते. मग मुलगा दुखणे लपवतो, फवारा मारून पुन्हा उभा राहतो. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा विद्यापीठ परिसरातल्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (‘साई’) केंद्रात निदान मॅट आणि जाणती माणसे आहेत. कन्नड-सोयगावकडच्या जत्रेतल्या प्रकाशझोतातल्या सामन्यांत काय असते? बक्षिसाच्या रकमेचा फलक असतो, ढोल असतो. स्ट्रेचर क्वचितच दिसते. मानेला मार लागलेल्या मुलाला चौघे जण हात-पाय धरून उचलतात, मिळेल त्या जीपमध्ये घालतात आणि घाटी रुग्णालय गाठेपर्यंत दीड-दोन तास जातात. मान न हलवता फळीवर घ्यायचे असते, हे संयोजकांतल्या एकाला तरी ठाऊक हवे.

हुतूतूला नियमांत बसवण्याची सुरुवात याच मातीत, 1918 च्या सुमारास साताऱ्यात झाली. शंकरराव उर्फ बुवा साळवींचा जन्मदिवस, 15 जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. तेव्हा दिल्लीची वाट बघत बसण्याचे कारण नाही. महाराष्ट्र राज्य कबड्डी असोसिएशनने येत्या कबड्डी दिनी या दोन मनाई आपल्या राज्य स्पर्धेत प्रयोग म्हणून जाहीर कराव्यात. क्रीडा संचालनालयाने त्या 14 आणि 17 वर्षांखालील गटांना यंदापासूनच लागू कराव्यात. आणि जिल्हा संघटनेने रुग्णवाहिका, स्ट्रेचर व प्रथमोपचार शिकलेला माणूस असल्याशिवाय एकाही निमंत्रित स्पर्धेला परवानगी देऊ नये.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर