कागद आहे, पण सापडत नाही!

अ‍ॅट्रॉसिटीच्या प्रकरणात अधिकारी विचारतो, "आधी तक्रार दिली होती? पोच दाखवा." आपला कार्यकर्ता लॅपटॉप उघडतो आणि 'स्कॅन ००१७'च्या ढिगाऱ्यात हरवतो. पोच असते, पण त्या घडीला नसल्यासारखीच. माझ्यावरही ही वेळ आली आहे.

मित्रांनो, एक्सेलमध्ये यादी करा. तारीख, गाव, कलम, दोन ओळींत मजकूर, आणि शेवटच्या रकान्यात त्या फायलीची लिंक. शोधा, क्लिक करा, कागद समोर. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेवमध्ये लिहिलेला शब्द युनिकोडने शोधून सापडत नाही. स्कॅन तर निव्वळ चित्र, म्हणून त्या दोन ओळींचा कंटाळा नको.

खरी मेख लिंकमध्ये आहे. 'डी' ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता दिलात, तर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर ती उघडणारच नाही. यादी आणि फायली एकाच फोल्डरमध्ये ठेवा, लिंकमध्ये फक्त तिथून पुढचा मार्ग द्या. मग अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर कुठेही चालतो. (त्यात पीडितांची नावे असतात, पासवर्डशिवाय हातात देऊ नका.)

"सगळे कागद माझ्याकडे आहेत," असे काही ज्येष्ठ अभिमानाने सांगतात. ज्ञानाची मक्तेदारी मोडायला निघालेल्या चळवळीत ही कुठली रीत? १९९५ च्या नियमांनुसार जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायलाच हवी. पुढच्या बैठकीला हे ज्येष्ठ आजारी असले, तर पोच कोण काढणार?