लाल शाईने न सुटणारा प्रश्न

शहापूर-मुरबाडकडून कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या महाविद्यालयांत येणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्र समजत नाही असे नाही. त्याचे अडते ते इंग्रजी उत्तरपत्रिकेत. प्रस्तुत लेखकाने तपासलेल्या एका उत्तरपत्रिकेत वाक्य होते : 'द सेलर गेट्स लिटल प्रॉफिट'. विक्रेत्याला थोडा नफा होतो, असे त्या मुलाला म्हणावयाचे होते. वाक्याचा अर्थ मात्र झाला, नफा जवळजवळ होतच नाही. 'लिटल'पूर्वीचे एक 'अ' गळले आणि बरोबर उत्तर चूक ठरले.

हे अज्ञान नव्हे. मराठीत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत. जी खूण मातृभाषेत नाही, ती लिहिताना सुटते. चिनी भाषेतही ती नाहीत, म्हणून चिनी विद्यार्थीही नेमके तेथेच अडखळतात. 'तो म्हणाला की मी येणार नाही' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. ते शब्दशः इंग्रजीत उतरविले की न येणारा माणूसच बदलतो! अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅप्लन यांनी तर १९६६ मध्ये, परिच्छेदाच्या मांडणीवरही मातृभाषेचा ठसा असतो, असे प्रतिपादन केले. त्यांनी काढलेली सरसकट अनुमाने पुढे टीकेस पात्र ठरली. मूळ प्रश्न मात्र उरलाच.

यावर आपल्याकडे ठरलेला उपदेश असतो : 'मराठीत विचार करू नका.' पण मातृभाषा ही वर्गाबाहेर काढून ठेवण्याची चप्पल नव्हे. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. शिक्षणाची वर्षे वाढली. तथापि दोन भाषांची वाक्ये शेजारी मांडून त्यांतील भेद कोणी दाखविला काय, असे विचारले असता मुले बहुधा नकारार्थी मान हलवितात.

वस्तुतः ही तुलना आपल्याला परकी नाही. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळी इंग्रजी व्याकरणाचा अभ्यास मराठीची घडण पाहण्यास उपयोगी पडला. आपली विरामचिन्हेही इंग्रजीतूनच आली. मग मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकविण्यात कमीपणा कसला?

इंग्रजीच्या व विषयाच्या अध्यापकांनी वर्षारंभी काही तासिका एकत्र बसून या तुलनेसाठी द्याव्यात. परीक्षकांनीही विचाराची चूक आणि भाषेची चूक वेगळी मोजावी. अन्यथा आपण अर्थशास्त्राच्या नावाखाली इंग्रजीचीच परीक्षा घेत राहू आणि जाणत्या मुलाला अजाण ठरवीत राहू.